मदत हवी आहे : मुलांच्या स्वतःशी बोलण्याच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका बालवाडीत मी शिकवते. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. वडील यंत्रमागावर कामाला आणि आई घरी विड्या वळणारी. साडेचार वर्षांची एक मुलगी खेळताना कागदाचे तुकडे पानासारखे कापते, त्यांची सुरळी करून दोरा गुंडाळते आणि हे करताना स्वतःशीच तेलुगूत पुटपुटत असते. दोरा सुटला की पुटपुटणे वाढते.

खेळ आईच्या अनुकरणातून आला हे उघड आहे. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९६१ मध्ये बाहुलीच्या प्रयोगातून मुले मोठ्यांचे पाहून कशी वागतात ते दाखवलेच आहे. माझा प्रश्न बोलण्याविषयी आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे पियाजे यांनी अशा बोलण्याला आत्मकेंद्री, म्हणजे ऐकणाऱ्याचा विचार न करता केलेले, मानले, तर मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांच्या मते त्यातून मूल स्वतःच्या कृतीला वळण लावते, काम अवघड झाले की ते वाढते आणि पुढे नाहीसे न होता मनातल्या मनात चालू राहते. मला व्हिगॉट्स्कींचे म्हणणे अधिक पटते. मात्र आमच्या वरिष्ठ बाई ‘वर्गात मराठीच’ या आग्रहापायी मुलीला गप्प करतात, आणि त्यांना पटवायला माझ्याकडे नोंदी हव्यात.

दुभाषिक वर्गात कोणी असे निरीक्षण केले आहे का? मला तेलुगू जेमतेम कळते. तेव्हा शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत लिहावेत, की केवळ कोणत्या कृतीच्या वेळी बोलणे वाढले एवढेच टिपावे? सोपे आणि अवघड कोडे आलटून पालटून दिल्यास फरक नीट दिसेल का? नोंदवहीचा एखादा नमुना असल्यास कृपया पाठवावा.