घरच्या संगणकाला नेटवर्क प्रिंटर जोडताना आलेले अनुभव

गिरगावकर:
काल माळा आवरताना जुन्या प्रिंटरची जाडजूड केबल हाती लागली. तिच्या एका टोकाला स्क्रूने आवळायचा पंचवीस पिनांचा जोड होता आणि दुसऱ्या टोकाला अडकवायच्या तारेच्या कड्या. त्या काळी घरात दोन संगणक असले, तरी प्रिंटर ज्याला जोडलेला असे तो संगणक कोणीतरी उठून चालू केल्याशिवाय दुसऱ्यावरून कागद निघत नसे. आता प्रिंटर स्वतःच वायफायवर असतो, तरीही आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभी असतात. आपण घरी प्रिंटर कसा जोडलात आणि कुठे अडलात, ते कृपया लिहावे.

पार्लेकर:
आमच्या प्रिंटरला घरचे वायफाय दिसतच नव्हते. घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात आणि आमच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचेच चालू होते. २.४ चेही सुरू करताच यादीत नाव आले. संगणक ५ गिगाहर्ट्झवरच राहिला तरी बिघडत नाही, कारण राउटर एकच असतो. त्या चिमुकल्या पडद्यावर पासवर्ड टाकत बसण्यापेक्षा राउटरवरील डब्ल्यूपीएसचे (पासवर्ड न टाकता जोडून देणारे) बटण दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचेही दाबावे.

दादरच्या शिक्षिका:
जोडणे सोपेच असते हो, टिकवणे कठीण. ऐन प्रश्नपत्रिका काढायच्या वेळी संगणक ‘प्रिंटर ऑफलाइन’ असे सांगे आणि समोर प्रिंटरचा दिवा मात्र स्वच्छ जळत असे. सेवा केंद्राने दरवेळी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाकायला लावला. त्याचा गुण काही दिवसच येई. खरे कारण माझ्या भाच्याने शोधले. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, तात्पुरता देतो, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला कधीकधी वेगळाच पत्ता मिळतो आणि संगणक जुन्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो. त्याने प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापले, त्यावरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, विभागात नोंदवून प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला, आणि विंडोजने आपोआप शोधलेला प्रिंटर काढून टाकून तोच ‘टीसीपी/आयपी’ हा पर्याय निवडून, पत्ता स्वतः लिहून पुन्हा जोडला. तेव्हापासून ही कटकट गेली.

मुलुंडकर:
ताई, राउटरमध्ये शिरायचे कसे? आमच्या इंटरनेटवाल्याने पासवर्ड कधी दिलेलाच नाही.

दादरच्या शिक्षिका:
काका, राउटर उलटा करून पाहा. खालच्या लेबलवर बहुधा पत्ता आणि पासवर्ड दोन्ही छापलेले असतात. ते चालले नाहीत, तर इंटरनेटवाल्याकडून हक्काने मागून घ्यावेत.

भांडुपकर:
मी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक प्रणाली वापरतो. तिथे छपाईचे काम १९९९ पासून उपलब्ध असलेली ‘कप्स’ ही प्रणाली पाहते आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक) व ६३१ हा पोर्ट ‘localhost:631’ असा लिहिला की तिचे पान उघडते. २०१० मध्ये आलेल्या एअरप्रिंट या अ‍ॅपलच्या छपाईच्या सोयीला पाठिंबा देणारा प्रिंटर असेल, तर वेगळा ड्रायव्हर सहसा लागतच नाही. माझा जुना यूएसबी लेझर प्रिंटर मी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला जोडून त्यावर कप्स बसवले आहे, त्यामुळे वायफाय नसलेले ते यंत्र आता घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवर दिसते. नवा प्रिंटर घेण्याआधी हा खटाटोप अवश्य करून पाहावा.

अंधेरीकर:
इंटरनेटवरून दूरच्या प्रिंटरवर छापू देणारे गुगल क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, तेव्हापासून ऑफिसातून घरी प्रिंट पाठवण्याची माझी चैन संपली. आता फाइल स्वतःलाच ईमेल करतो आणि घरी पोचल्यावर छापतो.

बोरिवलीकर:
पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट’ वायफाय ठेवले असेल, तर त्यावरच्या फोनला घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही, कारण ते मुद्दाम घरच्या नेटवर्कपासून तोडलेले असते. आमच्या जावईबापूंना रेल्वेचे तिकीट छापायचे होते आणि सगळे घर प्रिंटरलाच दोष देत बसले होते. जाता जाता सांगतो, जुलै महिन्यात कागद सादळून दोन-दोन पाने एकदम ओढली जातात; त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही, रीम पिशवीत घट्ट बांधूनच ठेवावे लागते.

मुलुंडकर:
लेबल सापडले, पत्ता राखून ठेवला आणि टेस्ट पेजही निघाले, ताई. परंतु संगणक अजूनही अधूनमधून ऑफलाइनच म्हणतो.

पार्लेकर:
प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’वर जाऊन ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ समोरची खूण काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करते आणि प्रिंटरने नीट उत्तर दिले नाही, की तो बंद आहे असे धरून चालते.