सासूबाई रक्त काढू देत नाहीत (स्मृतिभ्रंश, सांगली)

सुई दिसली की हात झटकतात. थायरॉईड, बी-१२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या सांगितल्यात. उपाशी ठेवलं की जास्तच चिडतात. काय करावं?

— ताई, या तिन्हींना उपाशी राहावं लागत नाही. चहा-नाश्ता होऊ द्या, मग लॅबचा माणूस घरीच बोलवा. बायोटिनची (केस-नखांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, थायरॉईडचा आकडा चुकतो. बधिर करणारं लिग्नोकेन-प्रायलोकेन मलमही डॉक्टरांनाच विचारा: कोपराच्या खळगीत जाड थर, वर प्लॅस्टिक, तासभर.

— मलम ठीक, पण आदल्या दिवसापासून पाणी पाजा. शरीर कोरडं असलं की शीर सापडत नाही. चौघांनी दाबून धरू नका. एकानेच बोलायचं, दुसऱ्या हातात जपमाळ द्यायची. झोपेची गोळी मनाने तर मुळीच नको, तोल जाऊन पडतात.

— साताऱ्याहून: गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी तपासायला सांगितली तर कमोडमध्ये स्वच्छ भांडं ठेवा, डायपर पिळून नको.