वडिलांच्या पेटीतील सात पुस्तके: ओट्यावरच्या वाचनाला आरंभ कशापासून करावा?

तापीकाठ (चोपडा)

सप्रेम नमस्कार. माझे वडील चोपडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि शाळा सुटली की थेट वावरात जात असत. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा सातबाराच्या जुन्या उताऱ्यांखाली, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवलेली सात पुस्तके निघाली: भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’, राम पटवर्धन यांनी अनुवादित केलेले ‘पाडस’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आणि ‘बहिणाबाईंची गाणी’. या पुस्तकांचे एकमेकांशी काही नाते आहे असे मला तरी दिसत नाही, आणि नेमकी हीच सात एका माणसाने का जपली असावीत, हेही उलगडलेले नाही.

आमच्या गावात गेल्या पोळ्यापासून आम्ही अकरा जण रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मारुतीच्या ओट्यावर जमतो. एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. त्यांत पाच शेतकरी, दोन शिक्षक, एक औषधविक्रेते, शिवणकाम करणाऱ्या एक ताई आणि दोन वयस्कर आजी आहेत, ज्यांना वाचता येत नाही, पण ऐकलेले शब्दन् शब्द लक्षात राहते. आतापर्यंत आम्ही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांवरच भागवले. आता पुस्तकाला हात घालावा असे सर्वांचे मत आहे.

माझे स्वतःचे मत प्रामाणिकपणे सांगतो. ‘कार्व्हर’ मी दोनदा वाचले. ‘रणांगण’ एका संध्याकाळी संपवले आणि नंतर दोन दिवस त्याचे काय करावे ते कळेना. ‘माझा प्रवास’ अर्धा झाला आहे. ‘कोसला’ साठाव्या पानापुढे गेली नाही, कारण त्यातील ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांचा मला कंटाळा आला. हे आमच्या भागात उघडपणे बोलणे धाडसाचे आहे, याची जाणीव आहे. कृपया स्तुती न करता नेमके मत द्यावे, आणि एखादे पुस्तक मोठ्याने वाचण्यास अयोग्य असेल, तर तसेही स्पष्ट लिहावे.

यावलची मास्तरीण

दादा, ‘कोसला’विषयी आपण लिहिले ते धाडस मुळीच नाही. आमच्या यावल तालुक्यातील सांगवी हे नेमाड्यांचे गाव असल्यामुळे इकडे त्या कादंबरीचा अभिमान वाचण्याच्या आधीच सुरू होतो, आणि ती न वाचलेले लोकच तिच्याविषयी अधिक ठामपणे बोलतात. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा मोठा भाग पुण्याच्या वसतिगृहात घडतो. खानावळीचे हिशेब, स्नेहसंमेलन, मित्रांच्या निरर्थक गप्पा आणि बापाच्या पैशांची उधळपट्टी यांत नायक पांडुरंग सांगवीकर जो वेळ घालवतो, तो वाचकालाही त्याच्याबरोबर घालवावा लागतो. आपल्याला जो कंटाळा आला, तो बराचसा लेखकाने जाणूनबुजून दिलेला आहे, असे माझे मत आहे. ‘वगैरे’ हा शब्द तेथे सवयीने येत नाही. ज्या गोष्टीला लोक मोठे महत्त्व देतात, तिच्यापुढे तो शब्द ठेवला की ती गोष्ट एकदम हलकी होते. मात्र पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेथे ही सगळी थट्टा थांबते, आणि तो भाग मी वर्गात मोठ्याने वाचू शकलेले नाही. एकट्याने वाचण्याचे हे पुस्तक आहे. ओट्यावर ते नेऊ नये, पण आपण स्वतः साठाव्या पानावर सोडू नये, एवढी विनंती करते.

‘बहिणाबाईंची गाणी’ मात्र ओट्यासाठीच आहेत, आणि ती शिक्षकांनी वाचू नयेत. मी स्वतः शिक्षिका असून हे लिहिते. पाठ्यपुस्तकातून शिकवताना आम्ही ‘अरे संसार संसार’ आणि ‘मन वढाय वढाय’ एवढ्यांवरच थांबतो, प्रत्येक ओळीचा प्रमाण मराठीत अर्थ सांगतो आणि त्यातली गंमत घालवून बसतो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या कामांवरच्या कविता ज्यांनी ती कामे केली आहेत त्यांनी ऐकाव्यात. ‘घरोट’ म्हणजे जाते हे आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. आपल्या ओट्यावरच्या दोन्ही आजींना ते समजावण्याची गरज पडणार नाही. स्वतः बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात असत आणि चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ते टिपून घेत. त्यामुळे हे पुस्तक वाचून दाखवणे म्हणजे ते मूळ जागी परत नेणेच आहे.

‘रणांगण’ मला आवडत नाही. त्यातील नायक चक्रधर विध्वंस हा स्वतःच्या दुःखावर फार खूश असलेला माणूस वाटतो.

कापूसवाला (पारोळा)

जिभाऊ, मी शेतकरी आहे. म्हणून केवळ दोन पुस्तकांवर लिहितो, कारण त्या दोहोंत शेती आहे आणि त्यांच्याविषयी शहरातल्या वाचकांशी माझे नेहमी मतभेद होतात.

‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि तेव्हापासून शाळांच्या बक्षीस समारंभांत इतके वाटले गेले की गुलामीत जन्मलेला एक मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. मला त्यातील मातीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. १८९६ मध्ये कार्व्हर अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले, तेव्हा तिथली जमीन वर्षानुवर्षे केवळ कापूस घेऊन निकस झालेली होती. चवळी, भुईमूग, रताळी यांची फेरपालट करा, शेंगवर्गी पिके जमिनीत नत्र भरतात, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना पटवून दिले. शेतकरी संस्थेत येईनात, तर १९०६ पासून घोडागाडीवर अवजारे आणि बियाणे लादून शाळाच त्यांच्या बांधावर नेण्यात आली. आमच्या पारोळा परिसरात कपाशीवर कपाशी घेणाऱ्या माणसाला हे वाचताना दुसऱ्या देशाची गोष्ट वाचतो आहोत असे वाटत नाही. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची आणि खरिपात काही वावर मूग-उडिदाला ठेवण्याची जुनी रीत होती; बागायत वाढली, मे महिन्याच्या अखेरीस ठिबकवर कपाशी लागू लागली आणि ती रीत मागे पडली. गुलाबी बोंडअळीच्या अळ्या आणि कोष पऱ्हाट्यांमध्ये, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांत, जिवंत राहतात, म्हणून हंगाम लांबवू नका आणि पीक बदला, असे कृषी विभाग सांगतो, तेव्हा मला हे पुस्तक आठवते.

दोषही सांगितला पाहिजे. लेखिकेचा चरित्रनायकाविषयीचा आदर इतका दाट आहे की कार्व्हर कधी चुकले, चिडले किंवा हरले असतील, याची शक्यताच वाचकाच्या मनात येत नाही. शेतकऱ्याला चुकलेला प्रयोग अधिक शिकवतो.

‘पाडस’विषयी लिहिताना मला शेवट सांगावा लागणार आहे, ज्यांनी ते वाचलेले नसेल, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ज्या कादंबरीचा हा अनुवाद आहे, तिला १९३९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्लोरिडाच्या रानात एकट्या पडलेल्या कुटुंबातील ज्योडी नावाचा मुलगा हरणाचे पाडस पाळतो. ते वाढते आणि उगवलेला मका खाऊ लागते. बाप अंथरुणाला खिळलेला असताना मुलगा एकट्याने पुन्हा पेरणी करतो, कुंपण उंच करतो, आणि ते जनावर त्यावरूनही उडी मारून आत येते. शेवटी आई गोळी झाडते, तो नेम नीट बसत नाही, आणि उरलेले काम मुलालाच करावे लागते. पुण्या-मुंबईच्या वाचकांशी बोललो की ते आईला कठोर ठरवतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे एका रात्रीत रानडुकरांनी पाऊण एकर मका आडवा केल्यावर सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या माझ्या आईचा चेहरा मी पाहिलेला आहे; ती ओरडली नाही, तिने केवळ उरलेली ताटे मोजली. त्या कादंबरीतील आईसुद्धा ताटेच मोजते आहे. पटवर्धनांच्या मराठीचे मोठेपण असे की तिथले रान परके असूनही त्यातील पीक परके वाटत नाही.

एक इशारा द्यावासा वाटतो. साप चावल्यावर बाप हरिणी मारून तिच्या काळजाने विष ओढून घेतो, असा त्यात एक प्रसंग आहे आणि पाडस पोरके होते ते त्यामुळेच. ओट्यावर तो वाचताना, सर्पदंश झाल्यास सरळ दवाखाना गाठावा, हे वाचणाऱ्याने सांगून टाकावे. आमच्या गावात अजूनही आधी मांत्रिकाकडे नेणारे लोक आहेत.

निवृत्त ग्रंथपाल (धुळे)

तापीकाठ यांनी प्रथम पुस्तकांची शीर्षकपृष्ठे तपासावीत, कारण त्यांतील दोन पुस्तकांच्या बाबतीत कोणती आवृत्ती हाती आहे यावर मत बदलते.

‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी मूळ लेखनाची भाषा पुष्कळ बदलली आणि काही मजकूर वगळला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. पेटीतील प्रत वैद्यांची असेल, तर आपण वाचत आहात ते गोडसे भटजी थोडे नीटनेटके केलेले आहेत. वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धामधुमीत सापडून झाशीचा वेढा व लूट डोळ्यांनी पाहतो. लेखन मात्र त्यानंतर सुमारे पाव शतकाने झालेले आहे. आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी जमवलेली दप्तरे असल्यामुळे कागद कधीचा आहे हे आधी विचारण्याची खोड येथील वाचकांना लागलेली आहे. त्या खोडीने पाहिल्यास या पुस्तकातील तारखांवर फार भिस्त ठेवता येत नाही. पण तहान, भीती, चोरलेली दक्षिणा आणि घरी नेण्याची गंगेची कावड यांविषयी तो जे लिहितो, ते खोटे असण्याचे काही कारण नाही.

आरंभासाठी माझा कौल ‘स्मृतिचित्रे’ला आहे. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे. आपल्याकडे पूर्ण आवृत्ती आहे, याची खात्री करून घ्यावी. लक्ष्मीबाईंचे वाक्य बोलण्याचे आहे. ते वाचताना श्वास अडत नाही, आणि हसू कोठे येईल हे ऐकणाऱ्याला आधी कळत नाही. वडिलांच्या सोवळ्यापायी घरात मीठसुद्धा धुतले जात असे, हे त्या ज्या शांतपणे सांगतात, त्यावर ओट्यावरच्या आजी नक्कीच काहीतरी बोलतील. या सोवळ्याचे मूळ १८५७ नंतर आजोळच्या आजोबांना झालेल्या फाशीच्या धक्क्यात असल्याचे त्या सांगतात. म्हणजे पेटीतील दोन पुस्तके तरी एकाच वादळाच्या दोन टोकांना उभी आहेत. शिवाय १८९५ मध्ये पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर या बाईने जे सोसले आणि नंतर स्वतःच्या बुद्धीने जो निर्णय घेतला, त्यावर चर्चा होण्यास अकरा माणसे पुरेशी आहेत. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे टिळकांच्या नगरच्या घरी राहत असत आणि ते या पुस्तकात भेटतात. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेलेला कवी येथे घरातला हट्टी मुलगा म्हणून दिसतो.

मास्तरीणताईंच्या मताला एक जोड देतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे, असे धुळ्याकडचे लोक अनेकदा अभिमानाने सांगतात. त्या असोद्याच्या, त्यांची बोली ही जळगाव-यावल पट्ट्यातील लेवा गणबोली आहे. वाचताना अहिराणीचा हेल लावल्यास ओळी अडखळतात, हे मी स्वतः अनुभवलेले आहे.

शहाद्याचा वाचक

‘रणांगण’विषयी मास्तरीणताईंशी मी सहमत नाही. चक्रधर स्वतःवर खूश आहे, हे मान्य. पण १९३९ मध्ये, युरोपातून हाकलले गेलेले ज्यू लोक एका जहाजावर भरून निघालेले आहेत आणि त्यांना उतरून घेणारे बंदर सापडत नाही, ही गोष्ट मराठीत त्याच वर्षी लिहिली गेली. नायक मुंबईला उतरू शकतो, त्याला जहाजावर भेटलेली ज्यू तरुणी हॅर्टा उतरू शकत नाही. त्याच्या दुःखाची किंमत लेखकाने त्या एका फरकाने दाखवून दिलेली आहे. सव्वाशे-दीडशे पानांचे पुस्तक तीन रविवारांत संपेल.

तापीकाठ (चोपडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही सर्व मते ओट्यावर वाचून दाखवली. आजींनी ‘मीठ धुवायचे’ हे दोनदा वाचायला लावले, आणि त्यातच निकाल लागला. येत्या रविवारी ‘स्मृतिचित्रे’ सुरू होईल. पुस्तक पूर्ण आहे, हे तपासले. ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक याप्रमाणे आजी म्हणतील व आम्ही शिक्षकांना गप्प बसवू. ‘रणांगण’ला दोन मते पडली, ती पुरेशी नव्हती.

कापूसवाले आबा, आपले उत्तर वाचल्यावर ‘कार्व्हर’ची प्रत पुन्हा उघडली. पीक पालटण्याच्या मजकुराशेजारी वडिलांनी पेन्सिलीने ‘खालचे वावर, मूग’ एवढेच लिहिलेले आहे. मी ते दोन्ही वेळा पाहिले होते आणि हिशेबाची नोंद समजलो होतो. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की त्या वर्षी मूग पावसात सापडला आणि पुढच्या वर्षी पुन्हा कपाशीच लावली.

ग्रंथपाल साहेब, ‘माझा प्रवास’चे शीर्षकपृष्ठ कसरीने खाल्लेले आहे आणि पहिली चार पानेही नाहीत. शीर्षकपृष्ठाशिवाय वैद्यांची आवृत्ती आणि पोतदारांची आवृत्ती मजकुरावरून कशी ओळखावी, एवढे कळवल्यास उपकार होतील.