गर्डा लर्नर तुरुंगामुळे इतिहासकार झाली?

जुनी वही
परवा कुणीतरी लिहिलं होतं, की नाझींच्या तुरुंगात सहा आठवडे सोसले म्हणून अमेरिकन इतिहासकार गर्डा लर्नर घडली आणि म्हणून जगाला स्त्रियांचा इतिहास मिळाला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मला संताप आला.

व्हिएन्नात तिला पकडलं १९३८ मध्ये. १९३९ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली. कोलंबिया विद्यापीठाची इतिहासातली पीएचडी १९६६ ची. मधली २७ वर्षं कुठे गेली? हॉटेलात वाढप केलं, दुकानात माल विकला, ऑफिसात कारकुनी केली, एक्स-रे टेक्निशियनचं काम शिकली. दोन मुलं वाढवली, लॉस एंजेलिसमध्ये बायकांची संघटना बांधली, परक्या भाषेत कादंबरी लिहिली. मग ग्रिम्के भगिनींवर लिहायला घेतलं. साउथ कॅरोलिनातल्या गुलाममालकाच्या त्या मुली गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. कादंबरीसाठी इतिहास नीट समजेना, म्हणून ३८ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या कॉलेजात नाव घातलं. तिथे मोठ्या वयाच्या माणसांना प्रवेश होता. तो नसता तर तुरुंग भोगूनही ती इतिहासकार झाली नसती. सोसलेल्या बायका लाखो होत्या. अभ्यासाची संधी किती जणींना मिळाली, ते बोला.

उत्तररात्र
अहो, निदान तिचं स्वतःचं म्हणणं तरी ऐका! पुढच्या आयुष्याला जे लागलं ते सगळं त्या सहा आठवड्यांत शिकले, असं तीच सांगायची. बाप लिश्टेनश्टाइनला निसटला होता. त्याने मालमत्ता लिहून द्यावी म्हणून तिला आणि आईला आत टाकलं. ज्यू कैद्यांना अन्न कमी मिळायचं, तेव्हा कोठडीतल्या दोन बिगर-ज्यू मुली आपल्या वाटणीतलं तिला देत. अठरावा वाढदिवस आतच गेला. सुटल्यावर लगेच शाळेची शेवटची परीक्षा दिली. सत्ता माणसाला कशी पुसून टाकते, हे तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

सरोवरकाठ
वहीताईंशी सहमत, कारण मी त्यातून गेलेय. इतिहासात एमए करून एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्यावर, अमेरिकेत आले. नोकरीला बंदी. शिकायला परवानगी होती म्हणून अर्ज केला, तर इथल्या एका विद्यापीठाने सांगितलं की तुमचं बीए तीन वर्षांचं, ते आम्ही धरत नाही, काही विषय पुन्हा करा. फी नवऱ्याच्या पगारातून, त्यात लेक लहान. राहिलं ते राहिलंच. २०१५ मध्ये आमच्यापैकी काहींना कामाचा परवाना मिळू लागला, तोवर माझी उमेद संपली होती.

थेट बोलतो
एच-४ ची तुलना नाझींपासून पळालेल्या मुलीशी? थोडी तरी लाज वाटू द्या. तुम्हाला परत जायला घर होतं. आणि लर्नरचा नवरा फिल्म एडिटर होता, '१२ अँग्री मेन' त्याने संपादित केला. घरात पैसा असला की चाळिशीत शिकणं परवडतं.

सरोवरकाठ
तुलना मी दुःखाची केलेलीच नाही. मी प्रवेशाच्या नियमांबद्दल बोलतेय. आणि 'परत जायला घर होतं' हे वाक्य मला इथे आल्यापासून ऐकवलं जातंय, बहुतेक वेळा पुरुषांकडून. नवऱ्याची नोकरी बदलली की आमचं राहणंच टांगणीला, त्याला घर म्हणतात का?

जुनी वही
थेट, नवऱ्याच्या पैशाचं म्हणताय, तर पूर्ण सांगा. दोघेही कम्युनिस्ट पक्षात होते. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना काळ्या यादीत टाकत त्या दिवसांत हॉलीवूडमध्ये काम मिळेना, म्हणून न्यूयॉर्कला परतले. तो सुखवस्तू संसार नव्हता.

थेट बोलतो
आणि हे पक्षाचं तिने मोकळेपणाने लिहिलं कधी? २००२ च्या आत्मचरित्रात, वयाच्या ८२ व्या वर्षी. दुसऱ्यांची दडलेली कागदपत्रं शोधणाऱ्या बाईने स्वतःचं इतकी वर्षं झाकून ठेवलं, हे मला खटकतं.

सरोवरकाठ
१९५० च्या दशकात कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती! ज्याचे कागद दुसऱ्याच्या हातात असतात तो जपूनच बोलतो. मी इथे टोपणनावाने लिहितेय ते काय हौस म्हणून?

थेट बोलतो
ठीक. भीती खरी असेल, एवढं मानतो. त्यापुढे नाही.

उत्तररात्र
मूळ मुद्द्यावर येते. ते आत्मचरित्र १९५८ ला, ती कॉलेजात शिरते तिथे, संपतं. पदव्या, सारा लॉरेन्स कॉलेजात तिने उभा केलेला १९७२ चा स्त्री-इतिहासाचा एमए अभ्यासक्रम, विस्कॉन्सिन विद्यापीठातलं काम, अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेचं अध्यक्षपद, काहीच त्यात नाही. आपलं घडणं त्याआधी झालं, असं तिलाच वाटत होतं. वहीताई, याला काय म्हणाल?

जुनी वही
हा मुद्दा जड आहे, नाइलाजाने मान्य. पण १९५८ पर्यंत म्हणजे नुसता तुरुंग नाही ना? त्यात वीस वर्षांचं काम आणि चळवळ आहे. आणि पुढचंही सोपं नव्हतं. न्यू स्कूलमध्ये स्वतः विद्यार्थिनी असताना तिने स्त्रियांच्या इतिहासाचा वर्ग जाहीर केला, तर पहिल्या खेपेला पुरेसे विद्यार्थीच जमले नाहीत. पुन्हा जाहीर केला, तेव्हा भरला. १९७२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांची पत्रं, जबान्या, भाषणं जमवून जाडजूड ग्रंथ काढला. 'अशा बायकांची कागदपत्रंच नाहीत' म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. तुरुंगाने चीड दिली असेल. दप्तरं चाळायची शिस्त कोठडीत मिळत नाही.

उत्तररात्र
चीड नसती तर ती दप्तरं उघडायला गेलीच नसती. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

सरोवरकाठ
तुम्ही दोघी भांडा. मला एवढंच सांगा, तीन वर्षांचं बीए धरणारं एखादं विद्यापीठ कुणाला ठाऊक आहे का?