घरचे २६ जण हॉटेलात जेवायला: ऑर्डर कशी द्यावी?

कोकमसार: रविवारी दुपारी पुण्यात घरचे २६ जण जेवायला न्यायचे आहेत. सहा जण सत्तरीच्या पुढचे, त्यांतल्या दोघांना मधुमेह. पाच लहान मुलं आणि तिघं जैन पद्धतीचं जेवणारे. पंजाबी मेनूकार्डावरून मागवावं की अमर्याद थाळी बरी? किती प्लेटी लागतील? आणि अर्ध्यांचं जेवण उरकत आलं तरी बाकीच्यांची ताटं रिकामी, हे कसं टाळायचं?

शेगडी: आधी शेवटचा प्रश्न, कारण जेवण बिघडतं ते तिथेच. टेबलं जोडून लांब रांग केली की वाडगे मधोमध जमतात आणि टोकाला पोचेपर्यंत तळाचा रस्सा तेवढा उरतो. म्हणून ८-९ जणांचे तीन गट धरा. प्रत्येक गटापुढे सगळ्या भाज्यांचा एकेक वाडगा ठेवायला कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, सांगा. ऑर्डर एकाच माणसाने द्यायची. चौघांनी चार वेटरांना सांगितलं तर तीच भाजी दोनदा येते आणि बिलावरही चढते.

अंदाज असा: स्टार्टर दोन प्रकारचे, प्रत्येकी ४ प्लेटी. प्लेटीत ६ तुकडे असतील तर ४८ होतात, म्हणजे माणशी जवळपास दोन. पण प्लेटीत तुकडे किती ते आधी विचाराच, सगळीकडे सारखे नसतात. एक भाजी तिघांना पुरते, म्हणून तीन प्रकार, प्रत्येकी ३ प्लेटी. डाळ ४. जिरा राइस आधी ४ आणि लागला तरच आणखी २. भात सगळ्यांत जास्त उरतो.

रोट्या मात्र एकदम पन्नास सांगू नका. तंदुरात एका वेळी मोजक्याच लागतात आणि बाकीच्या टेबलांच्याही त्याच तंदुरात असतात. भाज्या टेबलावर आल्या की २०, टोपली निम्मी झाली की पुढच्या १५. तंदुरी रोटी पाच-सात मिनिटांत वातड होते, मग दोन्ही हातांनी ओढली तरी तुटत नाही. वयस्करांना फुलके किंवा भाकरी मिळते का ते बुकिंग करतानाच विचारा. मसाला पापडही सगळे बसल्यावरच मागवा, वरच्या टोमॅटोने तो लगेच मऊ पडतो.

मुदपाकखाना: जैन जेवणाचं आदल्या दिवशीच सांगा. पंजाबी हॉटेलात ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवतात आणि लाल ग्रेव्हीत कांदा-लसूण आधीच पडलेला असतो. ऐनवेळी 'कांदा नको' म्हटलं तर फक्त वरचा कच्चा कांदा जातो. पांढरी काजूची ग्रेव्ही चालेल असंही धरू नका, बऱ्याच ठिकाणी तिच्यातही उकडलेला कांदा असतो. बटाटा, गाजर, आलंही चालत नाही हे वेगळं सांगा.

मधुमेहवाल्यांचं तर फार जपा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पाऊण तास नुसतं बसणं धोक्याचं. टेकल्याबरोबर त्यांच्यासाठी दाल खिचडी आणि ताक सांगा, मेनूकार्ड नंतर उघडा. वेळ १२.१५ ची घ्या. दीडला भटारखान्यात ऑर्डरींची रांग लागलेली असते.

ताटवाटी: थाळीबद्दल. सगळ्यांना एकदम वाढतात, वाट बघणं संपतं, हा मोठा फायदा. पण दोन फुलके खाणाऱ्या आजींचेही पूर्ण पैसे पडतात, एका थाळीत दोघांना जेवू देत नाहीत आणि उरलेलं बांधून मिळत नाही. मुलांचा अर्धा दर कुठल्या वयापर्यंत, ते ठिकाणागणिक बदलतं. तुमच्याकडे वयस्कर आणि मुलं मिळून ११, म्हणून मी मेनूकार्डच सुचवेन.

हिशेबनीस: बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. सेवाशुल्क सक्तीचं नाही. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. २६ जणांच्या बिलात १० टक्के सेवाशुल्क म्हणजे चांगलीच रक्कम. काढायला सांगा, नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. वाढणाऱ्यांना खुशीने द्यायचं ते हातात द्या, मोठ्या पंगतीला त्यांची खरंच धावपळ होते.

कोकमसार: मनापासून आभार. तीन गटांचं आणि खिचडीचं लगेच लिहून ठेवलं. जैन जेवणासाठी शनिवारीच फोन करते.