तळहाताचं हाड मोडलं की ऑपरेशन म्हणजे लूटच?

सह्याद्रीवारा: 'हाताची हाडं आपोआप जुळतात, प्लेट घालणारे फक्त बिल वाढवतात' असं काल इथे एकाने ठोकून दिलं. गप्प बसवेना. करंगळीखालच्या मेटाकार्पलची (तळहातातल्या लांब हाडाची) मान, म्हणजे बोटाकडच्या टोकाजवळचा भाग, मोडली तर ४०-५० अंशांचा बाकही खपून जातो, तिथला सांधाच लवचीक असतो. तर्जनीला १०-१५ च्या वर सोसत नाही. आणि पीळ पडला असेल तर कुठल्याच बोटाला माफी नाही. मूठ मिटताना एक बोट शेजारच्यावर चढलं, तर एक्स-रे कितीही बरा दिसो, ते सरळ करावंच लागतं.

शिवणटिपण: अंश तुम्ही मोजत बसा. माझं पोट शिलाईवर आहे. अनामिकेच्या हाडात प्लेट घातली, हाड झकास जुळलं, पण टेंडन (बोट हलवणारे स्नायूंचे दोर) प्लेटला चिकटले. मूठ अजून पुरती मिटत नाही. असं होऊ शकतं, हे आधी सांगायला काय झालं होतं?

सह्याद्रीवारा: सांगायलाच हवं होतं, ताई. तो धोका आहेच. म्हणून जमेल तिथे नुसत्या तारा घालतात.

वऱ्हाडी_ठेचा: मूळ दुखणं मेडिक्लेम! अ‍ॅडमिट झालात तर पैसे मिळतात, ओपीडीतलं प्लास्टर बहुतेक वेळा खिशातून. माझ्या भावाला आधी 'पॉलिसी आहे का' विचारलं, मग हात पाहिला.

सह्याद्रीवारा: विम्याचा वेगळा धागा काढा.

वऱ्हाडी_ठेचा: का काढू? निर्णय तिथेच फिरतो! गरिबाला प्लास्टर पुरतं आणि पॉलिसीवाल्याला प्लेट लागते, हे कुठलं शास्त्र?

शिवणटिपण: बरोबर बोलले.

घाटमाथा: आरोप पुरे. ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आले. ४३९ रुग्ण, मनगटातलं स्केफॉइड नावाचं छोटं हाड मधोमध मोडलेलं, फार तर २ मिमी सरकलेलं. वर्षभराने स्क्रूवाले आणि प्लास्टरवाले जवळपास सारखेच. अट एकच: प्लास्टरमध्ये हाड जुळत नाही असं दिसलं की लगेच ऑपरेशन.

वऱ्हाडी_ठेचा: म्हणजे मी तेच म्हणतोय!

घाटमाथा: नाही. घरी बसून आपोआप जुळेल, असं त्यात कुठेही नाही. त्या हाडाला रक्त उलट्या बाजूने पोचतं, दुर्लक्ष केलं तर कोपराच्या बाजूचा तुकडा मरू शकतो.

सह्याद्रीवारा: स्केफॉइडपुरतं मान्य. पिळलेल्या बोटाचं मी सोडणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा: ते राहू द्या तुमच्याकडे. पॉलिसी आधी विचारणाऱ्याकडून मी मात्र दुसऱ्या डॉक्टरकडेच जाणार.