मदत हवी आहे: रूथ आणि नामीवर काय बोलू?

नमस्कार मंडळी. आमच्या महिला प्रार्थना गटात मला बायबलमधल्या रूथच्या गोष्टीवर बोलायचं आहे. गटातल्या एका ताईंचे यजमान नुकतेच गेले, त्यामुळे प्रत्येक शब्द जपून वापरावासा वाटतो.

मवाब या परक्या देशात 10 वर्षांच्या आसपास राहून नवरा आणि दोन्ही मुलं गमावलेली नामी बेथलेहेमला परतते. तिची विधवा सून रूथ तिचा हात सोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अडते ती नामीपाशी. गावातल्या बायांना ती सरळ सांगते की भरली गेले होते, देवाने रिकामी आणली. रूथ शेजारीच उभी असते, तरी! हा कडवटपणा मला अविश्वास वाटत नाही. ती देवावर रुसते, पण त्याचंच नाव घेऊन. हे दुखावलेल्या बाईला उपदेश न वाटता कसं सांगावं?

आणि अर्पा, माहेरी परत गेलेली नामीची दुसरी सून? तीही रडलीच ना. तिला बेइमान ठरवणं मला पटत नाही.

ज्यांनी असं दुःख सोसलंय त्यांनी कृपया सांगा, तेव्हा कोणाचं बोलणं आधाराचं वाटलं आणि काय नकोसं झालं?